सरळ रेघ वाकडी का दिसते: आकार फसवणारे दृष्टिभ्रम स्वतः आखण्याची आणि मोजण्याची पद्धत

दृष्टिभ्रमाची चित्रे मोबाईलच्या पडद्यावर सहज सापडतात, पण तिथे पाहणाऱ्याच्या मनात एक शंका शिल्लक राहते: रेघ खरोखर सरळ आहे, की चित्र काढणाऱ्याने तिला हळूच बाक दिला आहे? ही शंका दूर करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ती रेघ स्वतः पट्टी धरून आखणे. आपल्या हाताने सरळ आखलेली रेघ थोड्याच वेळात आपल्याच डोळ्यांसमोर वाकते, पट्टी लावली की सरळ असल्याचे सिद्ध होते आणि पट्टी उचलताच पुन्हा वाकते. हा अनुभव तयार चित्र पाहून येत नाही. शाळेतील शिक्षकांनी, पालकांनी आणि भूमितीची किंवा चित्रकलेची आवड असणाऱ्या कोणीही घरच्या साहित्यात करता येईल अशा रीतीने या लेखात काही आकृत्यांची कृती दिली आहे. शिवाय भ्रम 'खूप होतो' किंवा 'थोडा होतो' एवढ्यावर न थांबता तो मिलिमीटरमध्ये कसा मोजावा, हेही सांगितले आहे, कारण माझ्या मते मोजमापाशिवाय हा विषय केवळ करमणुकीचा राहतो.

साहित्य फारसे लागत नाही. 30 सेंटिमीटरची पोलादी पट्टी, एक लवचिक प्लास्टिकची पट्टी, गुण्या, कोनमापक, कर्कटक, बारीक टोकाची पेन्सिल, काळे आणि लाल स्केचपेन, जाड पांढरी कार्डशीट, मध्यम करड्या रंगाचा चार्टपेपर, ए-फोर आकाराचे कोरे कागद आणि पारदर्शक प्लास्टिकचे सहा कागद एवढे जवळ असले की पुरते. प्लास्टिकवर लिहिण्यासाठी न पुसला जाणारा मार्कर घ्यावा. पट्टीची कड मात्र तपासून घ्यावी: कागदावर तिच्या कडेने एक रेघ आखावी, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांमधून दुसरी रेघ आखावी आणि दोन्ही रेघा तंतोतंत एकावर एक येतात का ते पाहावे. मध्ये फट दिसली तर ती पट्टी या कामाची नाही.

सरकत्या फरश्यांची भिंत

पहिली आकृती म्हणून मी नेहमी फरश्यांची भिंत सुचवतो, कारण तिच्यातील भ्रम आपल्या हाताने सुरू करता येतो आणि थांबवताही येतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात सेंट मायकल्स हिल या चढाच्या पायथ्याशी एका कॅफेच्या भिंतीवर गडद आणि पांढऱ्या फरश्या एका आड एक बसवलेल्या आहेत. फरश्यांच्या आडव्या ओळी एकमेकींना समांतर असूनही त्या एका बाजूला निमुळत्या होत गेल्यासारख्या दिसतात, हे दृष्टीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांच्या प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याच्या लक्षात आले. ग्रेगरी आणि प्रिसिला हर्ड यांनी 1979 मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून हा भ्रम 'कॅफे वॉल' या नावाने ओळखला जातो. याच जातीची एक आकृती ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी त्याआधीच, 1897 मध्ये, वर्णन केली होती.

कार्डशीटमधून 20 मिलिमीटर रुंद आणि 280 मिलिमीटर लांब अशा आठ पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टीवर दर 20 मिलिमीटरवर उभी रेघ आखली की 14 चौरस मिळतात. त्यांतील पहिला काळा, दुसरा पांढरा, तिसरा काळा या क्रमाने स्केचपेनने भरावेत. आठही पट्ट्या अगदी सारख्याच असाव्यात. चौरसांच्या कडा आधी पट्टी धरून काळ्या करून घ्याव्यात आणि मग आतला भाग भरावा, म्हणजे शाई बाहेर जात नाही. काळा रंग एकसारखा गडद होण्यासाठी दोनदा हात फिरवावा लागतो.

आता करड्या चार्टपेपरवर डावीकडे एक उभी रेघ आखून तिच्यावर वरून खाली 0, 20, 21, 41, 42, 62, 63, 83, 84, 104, 105, 125, 126, 146, 147 आणि 167 मिलिमीटरवर खुणा कराव्यात. उजवीकडेही तशाच खुणा करून समोरासमोरच्या खुणा अगदी फिकट पेन्सिलने जोडाव्यात. 20 ते 21, 41 ते 42 अशा ज्या एक मिलिमीटरच्या मोकळ्या जागा राहतात, त्या दोन थरांमधल्या सांध्याचे काम करतात आणि सगळा भ्रम त्यांच्यावर अवलंबून आहे. प्रत्येक पट्टी आपापल्या 20 मिलिमीटरच्या जागेत ठेवावी, म्हणजे दोन पट्ट्यांमधून खालच्या कागदाची करडी, केसासारखी बारीक रेघ दिसत राहील.

प्रथम सर्व पट्ट्यांची डावी टोके एका रेषेत आणावीत. काळ्या चौरसांखाली काळे आणि पांढऱ्यांखाली पांढरे येऊन उभे पट्टे तयार होतात आणि करड्या रेघा सरळ, समांतर दिसतात. त्यानंतर दुसरी, चौथी, सहावी आणि आठवी पट्टी उजवीकडे अगदी सावकाश सरकवावी. सरक पाच मिलिमीटरच्या आसपास आली की काहीतरी बिघडल्याचे जाणवू लागते आणि ती 10 मिलिमीटर झाली, म्हणजे अर्धी फरशी सरकली, की थर उघडउघड पाचरीसारखे दिसतात: एक थर डावीकडे निमुळता, तर त्याच्या खालचा उजवीकडे. तसेच पुढे सरकवत 20 मिलिमीटरवर नेले की बुद्धिबळाचा पट तयार होतो आणि रेघा पुन्हा सरळ होतात. या साऱ्या काळात करड्या रेघा जागच्या हललेल्या नसतात. भ्रम ऐन भरात असताना एखाद्या करड्या रेघेवर दोन्ही हातांनी दोरा ताणून धरावा, म्हणजे पाहणाऱ्याची खात्री पटते.

याच पट्ट्यांवर आणखी एक रचना करून पाहावी. दुसरी पट्टी 10 मिलिमीटर, तिसरी 20, चौथी 30 अशा पायऱ्यांनी प्रत्येक पट्टी वरच्या पट्टीपेक्षा अर्धी फरशी पुढे ठेवली, तर पाचरी नाहीशा होतात आणि सर्व थर एकाच बाजूला कललेले दिसतात. एका आड एक सरकवण्याच्या रचनेत सरकण्याची दिशा दर थराला उलटते, म्हणून कलही उलटतो. पायऱ्यांच्या रचनेत दिशा एकच राहते, म्हणून कलही एकच राहतो. कलाची दिशा वरच्या आणि खालच्या पट्टीतील सापेक्ष सरकण्याने ठरते, ही गोष्ट मुलांना शब्दांनी समजावत बसण्यापेक्षा पट्ट्या त्यांच्या हाती द्याव्यात.

हे असे का होते, याचे उत्तर त्या एक मिलिमीटरच्या रेघेत शोधावे लागते. भिंग घेऊन पाहिले तर तिच्या लांबीत चार प्रकारच्या जागा आळीपाळीने येतात: वर-खाली दोन्हीकडे काळी फरशी, वर काळी आणि खाली पांढरी, दोन्हीकडे पांढरी, आणि वर पांढरी व खाली काळी. दोन काळ्यांच्या मध्ये करडी रेघ उजळ दिसते आणि दोन पांढऱ्यांच्या मध्ये तीच रेघ गडद दिसते. जिथे एका बाजूला काळे आणि दुसऱ्या बाजूला पांढरे आहे तिथे ती शेजारच्या रंगात जवळजवळ मिसळून जाते. डोळ्यांतील आणि मेंदूतील ज्या पेशी उजेड-अंधाराच्या कडा टिपतात त्यांच्यापर्यंत त्यामुळे अखंड आडवी रेघ पोहोचत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचतात ते गडद आणि उजळ असे आखूड, किंचित तिरपे तुकडे, आणि एका रेघेतले सगळे तुकडे एकाच बाजूला तिरपे असतात. या तुकड्यांचा कल मेंदू संपूर्ण रेघेला बहाल करतो. जेम्स फ्रेझर यांनी 1908 मध्ये काळ्या-पांढऱ्या पेडांच्या पीळ घातलेल्या दोरीसारख्या रेषा काढून नेमके हेच दाखवले होते. अशा दोऱ्यांनी काढलेली एकात एक असलेली वर्तुळे त्यांच्या प्रसिद्ध आकृतीत मळसूत्रासारखी आत आत वळत गेलेली दिसतात. बोटाने एखादे वर्तुळ गिरवले की बोट निघालेल्या जागीच परत येते.

हे स्पष्टीकरण तपासून पाहणे सोपे आहे. पट्ट्यांखाली करड्या कागदाऐवजी पांढरा कागद ठेवावा, मग काळा ठेवावा. सांधा पांढऱ्या फरशीइतका उजळ किंवा काळ्या फरशीइतका गडद झाला की भ्रम बराच ओसरतो. पट्ट्यांमधील अंतर वाढवून पाच-सहा मिलिमीटर केले तरीही तो मंदावतो, कारण आता रेघेच्या दोन्ही कडा स्वतंत्रपणे दिसू लागतात. भ्रमाचे कारण समजले आहे असे म्हणण्याचा अधिकार तो आपल्याला हवा तेव्हा घालवता आला तरच मिळतो, म्हणून हा भाग वगळू नये.

हेरिंगची आकृती आणि भ्रम रद्द करून मोजण्याची पद्धत

एवाल्ड हेरिंग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1861 मध्ये दाखवलेल्या आकृतीत एका बिंदूतून सर्व दिशांना किरण निघतात आणि त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना दोन समांतर रेषा असतात. त्या रेषा मध्यभागी बाहेरच्या बाजूला फुगलेल्या दिसतात. ए-फोर कागद आडवा धरून मध्यबिंदू घ्यावा आणि कोनमापकाने दर 5 अंशांवर खूण करून मध्यबिंदूतून आरपार जाणाऱ्या 36 रेषा काळ्या बारीक पेनने आखाव्यात. मध्यबिंदूपाशी सर्व रेषा एकत्र येऊन शाईचा डाग पडतो, तो टाळण्यासाठी प्रत्येक रेषा मध्यापासून तीन-चार मिलिमीटर आधी थांबवली तरी चालते. समांतर रेषा याच कागदावर आखू नयेत. त्या पारदर्शक प्लास्टिकवर लाल मार्करने आखायच्या आहेत: मध्यरेषेच्या वर 20 मिलिमीटरवर एक आणि खाली 20 मिलिमीटरवर एक, प्रत्येकी 200 मिलिमीटर लांब. प्लास्टिक नुसते टेबलावर ठेवले तर रेषा सरळ दिसतात आणि किरणांवर ठेवले की त्या फुगतात. दोन्ही अवस्था एकाच क्षणी शेजारी पाहायच्या असतील, तर प्लास्टिक अर्धेच किरणांवर सरकवावे.

कारणाचा एक मोठा भाग असा आहे की दोन रेषा छेदतात तिथला लघुकोन आपल्याला असतो त्यापेक्षा थोडा मोठा भासतो. वरच्या लाल रेषेचा विचार करावा. मध्याच्या उजवीकडे प्रत्येक किरण तिला छेदून वर निघून जातो. तिथला लघुकोन मोठा भासण्यासाठी रेषेचा उजवा भाग किंचित खाली झुकल्यासारखा वाटावा लागतो. डावीकडेही तसेच घडते. दोन्ही बाजू खाली झुकल्या की मधला भाग उचललेला दिसणारच. खालच्या रेषेत हेच उलट घडते.

आता मोजमापाकडे वळावे. एखादी रेषा 'किती' वाकलेली दिसते हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण ती सरळ आहे की नाही हे त्याला चांगले सांगता येते. म्हणून रेषांना उलट दिशेने मुद्दाम बाक द्यायचा आणि कोणत्या बाकाला त्या सरळ दिसतात ते शोधायचे. त्यासाठी आणखी चार प्लास्टिकचे कागद घ्यावेत. प्रत्येकावर रेषेची दोन्ही टोके मध्यरेषेपासून 20 मिलिमीटरवरच ठेवावीत, पण रेषेचा मध्य मात्र पहिल्या कागदावर 19, दुसऱ्यावर 18, तिसऱ्यावर 17 आणि चौथ्यावर 16 मिलिमीटरवर घ्यावा. लवचिक पट्टी उभ्या कडेवर धरून या तीन बिंदूंतून जाईल अशी वाकवावी, एकाने ती दाबून धरावी आणि दुसऱ्याने तिच्या कडेने मार्कर फिरवावा. खालची रेषा याच मापाने उलट बाजूला काढावी. अशा रीतीने सरळ रेषांचा एक आणि आत झुकलेल्या रेषांचे चार मिळून पाच कागद होतात. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एखादे अक्षर लिहावे, मात्र त्यावरून बाकाचा अंदाज येता कामा नये.

पाहणाऱ्याला समोर बसवून, आकृतीपासून डोळ्यांचे अंतर साधारण 50 सेंटिमीटर ठेवून, पाचही कागद उलटसुलट क्रमाने किरणांवर ठेवावेत आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: रेषा बाहेर फुगल्या आहेत, आत झुकल्या आहेत, की सरळ आहेत? ज्या कागदाला 'सरळ' असे उत्तर येते त्याचा बाक हे त्या व्यक्तीच्या भ्रमाचे माप होय. दोन कागदांच्या मध्ये उत्तर अडखळले, म्हणजे 2 मिलिमीटरला 'किंचित बाहेर' आणि 3 मिलिमीटरला 'किंचित आत' असे आले, तर माप अडीच मिलिमीटर धरावे. पाच कागदांची फेरी निदान चार वेळा घेऊन सरासरी काढावी. क्रम दर वेळी बदलावा, नाहीतर पाहणारा आधीचे उत्तर आठवून बोलतो.

डोळ्यांना सरळ दिसावे म्हणून प्रत्यक्षात बाक द्यायचा, हा विचार जुना आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचा चौथरा सपाट नाही: तो मध्यभागी आखूड बाजूंवर सुमारे 6 आणि लांब बाजूंवर सुमारे 11 सेंटिमीटर उचललेला आहे. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने लिहिले आहे की चौथरा अगदी सपाट बांधला तर तो मध्ये खचल्यासारखा दिसतो, म्हणून त्याला असा उंचवटा द्यावा. ग्रीक कारागिरांचा हेतू नेमका हाच होता का, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत आणि पाणी वाहून जावे हा व्यवहारी उद्देशही त्यात सुचवला जातो. विट्रुव्हियसने सांगितलेली युक्ती मात्र आपल्या पाच प्लास्टिक कागदांची आहे.

चौरस, तिरप्या रेघा आणि दोन टेबले

चौरसाचा आकार बिघडवणारी आकृती याच पद्धतीने करता येते. वॉल्टर एहरेनस्टाइन यांनी 1925 मध्ये ती मांडली. कर्कटकाने एकाच केंद्राभोवती 5, 10, 15 असे दर 5 मिलिमीटर त्रिज्या वाढवत 85 मिलिमीटरपर्यंत वर्तुळे काढावीत. प्लास्टिकवर 100 मिलिमीटर बाजूचा चौरस लाल रंगाने काढून तो वर्तुळांच्या बरोबर मध्यभागी ठेवला की चारही बाजू आत ओढल्यासारख्या दिसतात. चौरस हळूहळू एका कोपऱ्याकडे सरकवला तर त्याची बेढब रूपे एकापाठोपाठ एक समोर येतात. केंद्रातील भोक मोठे होऊ नये म्हणून कर्कटकाखाली पुठ्ठ्याचा लहान तुकडा चिकटवावा.

योहान झ्योलनर या खगोलभौतिकशास्त्रज्ञाची आकृती 1860 सालची आहे आणि ती त्यांना कापडावरील नक्षीत सापडली. कागदाच्या कडेशी 45 अंशांचा कोन करणाऱ्या सात समांतर रेषा 15 मिलिमीटरच्या अंतराने आखाव्यात. प्रत्येक रेषेवर दर 6 मिलिमीटरला सुमारे 12 मिलिमीटर लांबीची तिरपी रेघ काढावी. मुख्य रेषेशी तिचा कोन 20 अंशांच्या आसपास असावा आणि शेजारच्या रेषेवर तिची दिशा उलट असावी. कोन फार मोठा झाला की परिणाम मंदावतो. मुख्य रेषा आडव्या किंवा उभ्या ठेवल्या तरी भ्रम होतोच, पण त्या 45 अंशांत असताना तो सर्वाधिक असतो. कागद हातात धरून गोल फिरवत हा फरक पाहता येतो. झ्योलनर यांनी हे काम ज्यांच्याकडे प्रसिद्धीसाठी पाठवले ते संपादक योहान पोगेंडॉर्फ यांना त्याच आकृतीत दुसरा भ्रम दिसला: मध्ये आलेल्या पट्ट्यामागून जाणाऱ्या तिरप्या रेघेचे दोन्ही तुकडे एका सरळीत असूनही जुळत नाहीत. तो भ्रम आज पोगेंडॉर्फ यांच्याच नावाने ओळखला जातो.

या सर्वांत पाहणाऱ्याला सर्वाधिक चकित करणारी आकृती म्हणजे रॉजर शेपर्ड यांची दोन टेबले, जी 1990 मध्ये प्रसिद्ध झाली. इथे रेघेचा बाक बदलत नाही, आकाराचे सगळे प्रमाणच बदलते. कार्डशीटमधून 90 आणि 45 मिलिमीटर बाजूंचा, 60 अंशांचा कोन असलेला समांतरभुज चौकोन कापावा. कोरा कागद आडवा ठेवून उजव्या अर्ध्या भागात तो चौकोन लांब बाजू आडवी आणि आखूड बाजू उजवीकडे वर झुकलेली राहील असा ठेवून गिरवावा. मग तोच तुकडा न उलटता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने 60 अंश फिरवावा. आता आखूड बाजू आडवी येते आणि लांब बाजू डावीकडे वर जाणारी तिरपी होते. या स्थितीत तो डाव्या अर्ध्या भागात गिरवावा. दोन्ही आकृत्यांना खालच्या तीन कोपऱ्यांतून 35 मिलिमीटर लांबीचे सरळ उभे पाय काढावेत आणि कडेला दोन-तीन मिलिमीटरची जाडी दाखवावी. मागचा चौथा पाय दिसत असेल तेवढाच काढावा.

पाय काढून होताच डावीकडचे टेबल लांब आणि अरुंद, तर उजवीकडचे आखूड आणि चांगले रुंद दिसू लागते. ज्याने स्वतः एकाच तुकड्याने दोन्ही गिरवले आहेत त्यालाही तसेच दिसते. कार्डशीटचा तुकडा आलटून पालटून दोन्हींवर ठेवला की तो तंतोतंत बसतो, आणि उचलला की टेबले पुन्हा वेगळी होतात. पाय आणि जाडी पाहून मेंदू कागदावरील सपाट चौकोनाला खोली असलेली वस्तू मानतो. पाहणाऱ्यापासून दूर जाणारी बाजू डोळ्याला आखूड दिसते हे त्याला अनुभवाने ठाऊक असते, म्हणून तो डाव्या टेबलाची दूर जाणारी बाजू मनातल्या मनात लांबवतो. पायांविना नुसते दोन चौकोन गिरवून शेजारी ठेवले तर हा फरक बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही. वर्गात ही आकृती दाखवताना तयार चित्र न दाखवता प्रत्येक मुलाकडून तुकडा कापून घ्यावा, नाहीतर निम्मी मुले दोन टेबले वेगवेगळ्या मापांची आहेत असेच धरून चालतात.

याच ओघात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचे दोन चौरस काढावेत, ते पाच मिनिटांत होतात. 60 मिलिमीटर बाजूच्या एका चौरसात दर 5 मिलिमीटरला आडव्या रेघा आणि दुसऱ्यात उभ्या रेघा आखाव्यात, बाहेरची चौकट मात्र काढू नये. आडव्या रेघांचा चौरस उंच दिसतो आणि उभ्या रेघांचा रुंद. आडव्या पट्ट्यांच्या कपड्यांत माणूस जाड दिसतो या सर्रास दिल्या जाणाऱ्या सल्ल्याच्या हे थेट विरुद्ध आहे. पीटर थॉम्पसन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी 2011 मध्ये केलेल्या प्रयोगांतही आडव्या पट्ट्यांमुळे आकृती रुंद दिसत नसल्याचे आढळले. हे दोन चौरस शेजारी ठेवून पाहिल्यावर कपडे निवडताना त्या सल्ल्याला किती महत्त्व द्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोणाला दाखवावे आणि नोंद कशी ठेवावी

सर्वांना भ्रम सारखाच होतो का, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे विचारला जात आहे आणि त्याच्या उत्तरात भारताचाही भाग आहे. त्यासाठी म्युलर-लायर यांची 1889 मधील आकृती वापरली गेली. तीत दोन समान रेषांपैकी एकीच्या टोकांना बाणासारखी आत वळलेली पाती असतात आणि दुसरीच्या टोकांना बाहेर पसरलेली. दुसरी रेषा लांब वाटते. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर 1898 च्या मोहिमेत आणि पुढे निलगिरीतील तोडा लोकांमध्ये अशा चाचण्या घेतल्या. या आकृतीने तोडा लोक इंग्रज व्यक्तींपेक्षा कमी फसत होते, तर उभी रेषा आडवीपेक्षा लांब वाटण्याच्या भ्रमाने अधिक फसत होते. त्यानंतर 1966 मध्ये सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोव्हिट्स यांनी अनेक समाजांतील निष्कर्ष एकत्र मांडले आणि चौकोनी खोल्या, दारे, कोपरे यांच्या सहवासात वाढल्याने हा भ्रम पक्का होतो, अशी मांडणी पुढे आली.

ही मांडणी अनेक वर्षे मान्य होती. पण अंध मुलांवर उपचार करून त्यांच्या दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या, पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या प्रकल्पामधून 2015 मध्ये वेगळेच चित्र समोर आले. उत्तर भारतातील जन्मापासून मोतीबिंदूमुळे अंध असलेल्या, 8 ते 16 वर्षे वयाच्या नऊ मुलांना शस्त्रक्रियेनंतर दृष्टी येताच या आकृत्या दाखवण्यात आल्या आणि ती मुले लगेचच त्यांना फसली. ज्यांनी खोलीचा कोपरा आजवर कधी पाहिलाच नव्हता त्यांनाही भ्रम झाला, म्हणजे निदान त्याचा काही भाग पाहण्याच्या सवयीतून आलेला नाही. समाजासमाजांत आढळलेले फरक त्यामुळे खोटे ठरत नाहीत, पण त्यांचे कारण केवळ घरांच्या रचनेत शोधणे आता पुरेसे वाटत नाही. मला या विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो.

घरी मोजण्यासाठी म्युलर-लायरची सरकती पट्टी करावी. कार्डशीटच्या एका रुंद पाकिटावर 100 मिलिमीटरची रेषा काढून तिच्या दोन्ही टोकांना 20 मिलिमीटर लांबीची, रेषेशी 30 अंशांचा कोन करणारी आत वळलेली पाती काढावीत. तिचे उजवे टोक पाकिटाच्या उजव्या तोंडाशी येऊ द्यावे. पाकिटातून आत-बाहेर सरकणाऱ्या दुसऱ्या पट्टीवर लांब रेषा काढून तिच्या उजव्या टोकाला बाहेर पसरलेली पाती काढावीत, म्हणजे मधले पाते दोन्ही रेषांना सामाईक होते. पाहणाऱ्याने पट्टी सरकवत दोन्ही भाग समान वाटतील तिथे थांबावे. सरकत्या पट्टीच्या मागच्या बाजूला मिलिमीटरच्या खुणा केल्या असतील तर माप लगेच वाचता येते. समजा तो 82 मिलिमीटरवर थांबला, तर भ्रम 18 टक्क्यांचा झाला. निम्म्या वेळा पट्टी पूर्ण आत असताना आणि निम्म्या वेळा पूर्ण बाहेर असताना सुरुवात करावी, कारण माणूस ज्या बाजूने येतो त्या बाजूला थोडा अलीकडेच थांबतो.

नोंदवहीत पाहणाऱ्याचे वय, चष्मा असल्यास त्याचा उल्लेख, आकृतीपासूनचे अंतर, दिवसाचा उजेड की दिवा, आणि प्रत्येक फेरीतील माप लिहावे. एकाच व्यक्तीला ओळीने अनेक फेऱ्या दिल्या तर म्युलर-लायरचा भ्रम हळूहळू कमी होत जातो, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांची आणि शेवटच्या फेऱ्यांची सरासरी वेगळी काढावी. पाहणाऱ्याला रेषा समान आहेत हे आधी सांगितले तरी भ्रम जात नाही. मात्र उत्तर देताना तो डोळ्यांना जे दिसते त्याऐवजी जे माहीत आहे ते सांगू लागतो. म्हणून पट्टी लावून खरे माप दाखवण्याचे काम सर्व फेऱ्या संपल्यावरच करावे.

शेवटी प्रतींविषयी. या आकृत्यांची झेरॉक्स काढताना करडा रंग बहुधा एकतर काळा होतो किंवा पांढरा पडतो आणि फरश्यांच्या भिंतीचा भ्रम तिथेच संपतो, म्हणून ती आकृती झेरॉक्सने देऊ नये. मोबाईलने फोटो काढायचा असल्यास तो बरोबर वरून काढावा. तिरपा धरला तर चौकट खरोखरच निमुळती होते, आणि भिंगाच्या कडेला सरळ रेषांना खराखुरा बाकही येऊ शकतो. संगणकावर छापताना 'पानाला बसवा' हा पर्याय बंद ठेवावा आणि छापून आल्यावर चौरसाच्या दोन्ही बाजू पट्टीने मोजाव्यात. 20 मिलिमीटरच्या फरशीत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर चालेल, पण उंची आणि रुंदी एकमेकींशी जुळत नसतील तर ती प्रत बाजूला ठेवून दुसरी छापावी.